मांडव रिकामा असताना वाजणारं गाणं

मंडळी, आज किल्लारीला चुलतभावाच्या हळदीला गेले होते. जीप लगेच मिळाली, म्हणून सगळ्यांच्या आधी पोचले. मांडवात नुसत्या खुर्च्या, आणि डीजेवाला वायरी जोडत होता.

तेवढ्यात माझंच गाणं सुरू झालं!

जुन्या लोकांना आठवत असेल. एका लगीनसराईत लातूर-नांदेडकडं माझ्या आवाजाशिवाय वरात हलत नव्हती. भाजी घेताना बायका हात धरून सेल्फी काढायच्या.

मी खुर्चीत बसून डोळे मिटले. पहिलं कडवं संपलं आणि गाणं बंद.

"दादा, का बंद केलं? चांगलं हाय की."

"हाव, लई चांगलं हाय ताई. पण ते टेस्टिंगचं हाय. त्या बाईचा आवाज इतका साफ हाय, की स्पीकरच्या बॉक्समधून आवाज फाटतोय का ते लगेच कळतंय. माणसं आल्यावर न्हाई लावत. जुनं झालं."

"ती बाई मीच," हे ओठांवर आलं होतं.

मग पाहुणे आले, एका नव्या पोरीचं गाणं लागलं. सगळे नाचले, मीबी नाचले. ती पोरगी आज कुठंतरी बाजारात सेल्फी देत असेल. तिला कुणी सांगू नका.

फक्त एक विचारते. तुमच्याकडं माणसं यायच्या आधी माझं गाणं लागलं, तर घडीभर खुर्चीत बसाल का? आणि डीजेवाल्याला म्हणाल का, थांब, बंद करू नको?

दुसरं कडवं लई गोड हाय हो.