खाणीच्या बागेतला समुद्र

डबा रुळावरून उतरला तेव्हा त्यात माणसं नव्हती, वाळूची सहा पोती होती. चार पोती कठड्याशी अडकली. दोन कठड्यावरून खाली पाण्यात गेली. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. बागेच्या उद्घाटनाला बारा दिवस उरले होते.

पंढरी कटरे, आमचा फिटर, रुळाशी उकिडवा बसला. बाहेरच्या रुळावर चकचकीत ओरखडा उमटला होता. त्यावर बोट फिरवून तो म्हणाला, "बाबू, चाक चढलं रुळावर. वळलंच नाही."

चूक माझ्या ड्रॉइंगची होती.

मी मध्य प्रदेशातल्या भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत ड्राफ्ट्समन होतो. बालाघाटहून रोज सायकलने यायचो. शेडचे, रुळांचे, नळांचे नकाशे काढायचो. साठच्या दशकातली ही गोष्ट. आमचे मॅनेजरसाहेब नागपूरचे. कॉलनीतल्या लोकांसाठी बाग करायची त्यांच्या मनात आलं. झोपाळा-घसरगुंडीवर ते खूश नव्हते. परदेशातल्या एका बागेची चित्रं त्यांनी मासिकात पाहिली होती. तिथे म्हणे छोट्या गाडीत बसून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाता येतं.

"देवकर, भंगारात टब आहेत, रूळ आहेत, एक लहान डिझेल इंजिन आहे. दोन मुलुख तरी उभे करा. एक जंगल. दुसरा तुम्ही ठरवा."

टब म्हणजे खाणीतून माल आणायचे लोखंडी डबे. त्यांना बाकडी ठोकली की झाली गाडी.

दुसरा मुलुख ठरवायला मला वेळ लागला नाही. मी म्हणालो, "समुद्र."

अठराव्या वर्षी मी मुंबईला आर्किटेक्चर शिकायला गेलो होतो. एक वर्ष राहिलो. मग वडील अंथरुणाला खिळले, मी परत आलो आणि खाणीत लागलो. त्या वर्षातलं बाकी सगळं पुसट झालं. गल्ली संपली की एकदम समोर उघडणारं पाणी तेवढं राहिलं. हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो. आमच्याकडे पाणी म्हणजे वैनगंगा, आणि तिचा पलीकडचा काठ दिसतो.

बागेच्या कडेला एक जुनी उघडी खाण होती, कित्येक पावसाळ्यांच्या पाण्याने भरलेली. दुपारी ते पाणी निळं दिसायचं. मी गाडी आधी मातीच्या अंधाऱ्या बोगद्यातून नेली. बोगद्यात थोडा उतार, तोंडाशी लगेच वळण, आणि वळणावर निळं पाणी. ते एकदम दिसावं म्हणून मी वळण आवळलं. टबची चाकं सायकलच्या चाकासारखी वळत नाहीत. रुळानेच त्यांना हळूहळू वळवावं लागतं. वळण आवळलेलं आणि वर उताराचा वेग असला, की चाकाची कड रुळावर चढते. हे मला ठाऊक होतं. ड्रॉइंग काढताना मी त्याकडे पाहिलं नाही, एवढंच.

मॅनेजरसाहेब आले. वाकलेला कठडा पाहून म्हणाले, "चेक रेल टाका."

चेक रेल म्हणजे आतल्या रुळाला लागून टाकलेला जादा रूळ. तो चाकाला आतल्या बाजूने धरून ठेवतो. आम्ही तो टाकला. बाहेरचा रूळ थोडा उचलला, बोगद्यातला उतार कमी केला. पुन्हा पोती भरली आणि दोन दिवस गाडी फिरवली. एकदाही चाक चढलं नाही. माझा समुद्र वाचला.

"झालं की नाही मिस्त्री?" मी विचारलं.

पंढरी कापडाने हात पुसत राहिला.

"काहून गप्प बसला?"

"बाबू, वाळू बसून राह्यते. माणूस बसीन का?"

"म्हणजे?"

"तुमी एवढं पाणी दाखवून राह्यले. लोकं पाहाले उभे राह्यतीन. सारे एकाच आंगानं. लेकराईले उचलून धरतीन. मंग डबा तिकडंच कलंडन. चेक रेल चाकाले धरते, डब्याले नाही धरत."

 देखावा जितका चांगला, तितके लोक उभे राहणार. मी जितकं चांगलं काम केलं होतं, तितकं ते धोक्याचं झालं होतं.

"उंच कठडा घालू. जाळी लावू."

"हौ, लावा जी. मंग जाळीतून दिसन तुमचा समुद्र."

त्या संध्याकाळी मी एकटाच टबमध्ये जाऊन बसलो. पंढरीने इंजिन सुरू केलं. बोगदा संपला आणि पाणी समोर आलं. उन्हं कलली होती. मी कधी उभा राहिलो ते माझं मलाच कळलं नाही. पंढरीने मागे वळून पाहिलं. 

सकाळी मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, "पाण्याकडची लाइन काढू या."

"अहो, जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. समुद्राचा बोर्डसुद्धा रंगवून झालाय."

"बोर्ड पुसता येईल, सर."

त्यांनी ड्रॉइंग घेतलं आणि लाल पेन्सिल माझ्यापुढे केली. "मग खोडा. तुमचं ड्रॉइंग आहे." मी खोडलं.

नवी लाइन उलट्या बाजूला, मोकळ्या माळावरून मोठं वळण घेऊन नेली. रूळ बसले, पण दाखवायला तिथे काहीच नव्हतं. एक मोहाचं झाड तेवढं होतं. बोगद्याला माती लिंपायला फगनीबाई नावाची एक मजूर बाई होती, बैहरच्या पलीकडच्या डोंगरातली. नवरा खाणीत लागला तेव्हा त्याच्यामागून आलेली. ती हात धुता धुता म्हणाली, "साहब, यहाँ घर बना दूँ?"

"किती दिवसात?"

"पाँच दिन में."

चार बायका घेऊन ती लागली. कुडाच्या भिंती, पांढरी माती, पुढे ओटा, कुंपण, आत बकरी बांधायचा खुंटा. दार झाडाच्या बाजूला ठेवलं. मी म्हणालो, दार गाडीकडे करा, लोकांना आतलं दिसेल. तिने मान हलवली. "दरवाजा उधरइच था."

तेव्हा मला कळलं की हे कुठलं तरी घर नव्हे, हे घर खरंच एका ठिकाणी होतं, तिच्या डोंगरात.

"बैहरची बस तर रोज जाते. कधी गेली नाही?"

"घर गिर गया. सास भी नहीं रही. किसके पास जाऊँ?"

मी तरी कुठे परत गेलो होतो? मुंबईचं तिकीटही रोजच मिळत होतं.

उद्घाटन नीट पार पडलं. जिल्ह्याच्या साहेबांना जंगलातला पुठ्ठ्याचा वाघ आवडला. समुद्राबद्दल कोणी विचारलं नाही. फगनीबाई मात्र गाडीत बसली नाही. पंढरी बोलवायचा, ती हसून निघून जायची.

महिन्याभराने एका रविवारी ती आली, धुतलेलं लुगडं नेसून, आणि शेवटच्या टबमध्ये बसली. मी माळावरच्या वळणाशी उभा होतो. गाडी वळणावर, त्या घराजवळ पोचली, तशी ती पंढरीला हाक मारून म्हणाली, "भैया, रोको."

मध्येच थांबायची परवानगी नव्हती. पंढरीने थांबवली.

ती उतरली नाही. टबच्या काठावर हात ठेवून बसून राहिली. पुढच्या टबमधली पोरं ओरडत होती, "चलो ना!" एकाला त्याच्या आईने दटावलं. इंजिन नुसतं धडधडत होतं. थोड्या वेळाने फगनीबाईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चलो."

पुढच्या आठवड्यात मी ड्रॉइंग दुरुस्त करून मंजुरीला नेलं. मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर केला. "इथे दोन मिनिटांचा थांबा कशाला? इथे ना चढायचं, ना उतरायचं."

"पाहायला, सर."

त्यांनी सही केली.

पुढे मी पुष्कळ नकाशे काढले, पण त्या थांब्याने जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. माणसाचा जीव जिथे अडकतो, तिथे गाडीने आपणहून थांबावं. नाहीतर तो चालत्या गाडीत उभा राहतो.