मंत्राचा पल्ला आणि मुदत

जगातली जादू स्वस्त होऊ नये याची काळजी एकट्याने वाहणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो लातूरला शिकवणीच्या दिवसांत माझा रूम पार्टनर होता. आम्ही बारावीच्या मार्कांसाठी गावं सोडून आलेलो. हा गडी रद्दीच्या दुकानातून कुठल्याशा परदेशी खेळाचं इंग्रजी पुस्तक घेऊन आला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यात योद्धा नाहीतर मांत्रिक व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे, असा तो खेळ. मंत्र किती लांब पोचतो आणि किती वेळ टिकतो हे सांगणारी पानं मात्र नेमकी फाटलेली. ते नियम पार्टनरने स्वतःच करायला घेतले आणि त्याचं फिजिक्स तिथेच संपलं.

त्याचा कायदा सरळ होता: पल्ला वाढवला की मुदत घटणार. हळूहळू त्याला जिकडेतिकडे तेच दिसू लागलं. "सरांच्या रागाचा पल्ला शेवटच्या बाकापर्यंत, पण मुदत चहा येईस्तोवरच," असं तो भर वर्गात पुटपुटायचा. आगीचा मंत्र कुठवर जावा हे ठरवायला त्याने आम्हाला गच्चीवर लांब लांब उभं केलं आणि "जळ!" म्हणून ओरडायला लावलं. खानावळीच्या काकूंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ताटात जास्तीचं तूप वाढून त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, आमच्या पोराच्या मेडिकलचं बी कायतरी बघ की." पार्टनर गंभीरपणे म्हणाला, "काकू, आपला मंत्र लई तर बारावीपर्यंत जातो. त्याच्या पुढं न्हाई." तूप त्याने खाल्लं ते खाल्लंच.

एकदा आमच्यातल्या उदगीरच्या सलीमने आपल्या मांत्रिकासाठी छताचा मंत्र मागितला, सगळं गाव झाकेल आणि रात्रभर टिकेल असा. "गावभर पल्ला आन् रातभर मुदत? मग राक्षसानं काय पेरू खावं का बे?" म्हणून पार्टनरने त्याला उडवून लावलं. पण नंतर स्वतःच त्या मंत्राला चिकटला. वर्गात, जेवताना, बसस्टँडवर, त्याचं तेच. सलीम वैतागला. "यार, खेळ तुझा हाय, देऊन टाक की!"

"फुकटचा मंत्र टिकत न्हाई," तो म्हणाला, आणि मग खाली बघत सांगू लागला. भूकंपात त्यांचं घर पडलं तेव्हापासून त्याची आई छताखाली झोपलेली नाही. सरकारने सिमेंटचं नवं घर दिलं, तरी तिची बाज अंगणातच. पाऊस आला की गोणपाट डोक्यावर घेऊन बसते. "गाव झाकायचं जमंना बे. एका माणसापुरतं जमंल. पर मंग मला तिच्यापाशीच बसावं लागंल." परीक्षा तोंडावर आली असताना तो ट्रंक उचलून गावी गेला.

वर्ष वाया जाईल म्हणून सगळ्यांनी मला त्याला परत आणायला पाठवलं. मी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. नव्या घरात, स्लॅबखाली, आई गाढ झोपली होती, आणि पार्टनर तिचा हात धरून उशाशी बसलेला. त्याने ओठांवर बोट ठेवलं. "आज पयल्यांदा," तो कुजबुजला. इतका तो मला कधीच आवडला नव्हता. परीक्षेचं काय काय बोलायचं ठरवून आलो होतो, ते तसंच ठेवून दाराशी चपला काढल्या. मीही खाली टेकलो. ती उठेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो, मग तिच्या हातचा चहा घेऊन मी संध्याकाळच्या एसटीने एकटाच लातूरला आलो.