दार उजव्या हाताला

शहराच्या पाया लेबार या भागात एका इमारतीत सातव्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. जुने फोटो, काचेच्या निगेटिव्ह, नकाशे, कुणाच्या घरातले बुरशी लागलेले अल्बम आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्या डिजिटल प्रती करतो आणि मूळ वस्तू नीट गुंडाळून परत पाठवतो. पुण्यात मी नऊ वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेल बनवायचे. पुठ्ठा, कटर, गोंद आणि मोजपट्टी घेऊन दिवस कसा जायचा कळायचं नाही. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे देश सोडून इथे आलो तेव्हा माझ्याकडे डिपेंडंट पास, म्हणजे त्याच्या नोकरीच्या आधारावर राहायचा परवाना होता, आणि त्या क्षेत्रातलं काम काही जुळून आलं नाही. मुलगी शाळेत रुळल्यावर मी ही नोकरी धरली. काम मला आवडतं, पण पहिली दोन वर्षं हाताला काहीतरी कमी आहे असं वाटत राहायचं.

दीड वर्षापूर्वी एका संग्राहकाच्या घरच्यांनी आमच्याकडे चार पेट्या पाठवल्या. ते गृहस्थ वारले होते, आणि मुलांना सगळा संग्रह एका संग्रहालयाला द्यायचा होता. पेट्यांत तैवानचे फोटो होते, जपान्यांनी ते बेट पन्नास वर्षं ताब्यात ठेवलं होतं त्या काळातले. त्यात माणसं होतीच, पण जास्त करून घरं होती. मधे अंगण आणि तिन्ही बाजूंनी खोल्या अशी विटांची चिनी घरं, ज्यांच्या छपराच्या कण्याची टोकं पाकोळीच्या शेपटीसारखी वर उचललेली. समुद्रातल्या एका लहान बेटावरची घरं तर वादळाला चुकवण्यासाठी जमिनीत खणलेली होती. वरून नुसती छपरं दिसायची. आणि डोंगरातली दगडी घरं. भिंती दगडी, छप्पर दगडी, पुढचं अंगणसुद्धा दगडी.

हा दगड कुठला हे मला बघताक्षणी कळलं. शाळेत आपण ज्या पाटीवर अक्षरं गिरवली तो. आपल्याकडच्या शहाबादी फरशीएवढ्या मोठ्या पाट्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. मी ते फोटो स्क्रीनवर मोठे करून बघत बसायचे आणि जेवायला जायचं विसरायचे.

पाकिटांवरचा मजकूर जुन्या जपानी हस्ताक्षरात होता. तो वाचायला आमच्या बॉसबाईंनी एका निवृत्त गृहस्थांना बोलावलं. वय सत्तरीच्या आसपास, तैवानचे, आयुष्य जहाजांवर इंजिनियर म्हणून गेलेलं, आता इथेच हार्बरफ्रंट भागात मुलीकडे राहणारे. आठवड्यातून तीन दिवस ते सकाळी यायचे, स्वतःच्या थर्मासमधला चहा प्यायचे आणि भिंगातून पाकिटं वाचायचे. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो.

दुसऱ्या आठवड्यात ते एकच पाकीट भिंगाखाली पुन्हा पुन्हा धरून बघत होते. मी विचारलं, "वाचता येत नाहीये का?"

"येतंय की," ते म्हणाले. "लिहिलंय, रानटी लोकांचं घर. खाली गावाचं नाव आहे." मग भिंग बाजूला ठेवून म्हणाले, "ते माझ्या आईचं गाव आहे."

तोवर मला ते चिनी वंशाचेच वाटत होते. त्यांचे वडील तसेच होते. आई मात्र डोंगरातल्या पायवान लोकांपैकी. ती सातआठ वर्षांची असताना जपानी पोलिसांनी अख्खं गाव डोंगरावरून खाली उतरवून सपाटीवर वसवलं. त्यानंतर ती त्या घरी कधी गेली नाही. आता ती नव्वदीच्या पुढे होती, तैवानमध्येच धाकट्या मुलाकडे राहत होती, आणि काचबिंदूने तिची दृष्टी पूर्ण गेली होती.

"लहानपणी ती आम्हाला त्या घराबद्दल सांगायची," अंकल म्हणाले. "मी लक्ष दिलं नाही. शाळेत मुलं मला डोंगरी म्हणून चिडवायची. आई न्यायला आली की मी गेटपासून लांब थांबायचो." हे त्यांनी जहाजाच्या बिघाडाबद्दल सांगावं तशा सरळ आवाजात सांगितलं.

त्या पाकिटात एकच काच होती, आणि ते घर त्यांच्या आईचंच असं आम्ही दोघांनीही धरून टाकलं. मी आधीच स्कॅन केलेला फोटो उघडला. बुटकं दगडी घर, एक दार, एक खिडकी. दारापुढे एक बाई सरळ उभी, हात अंगाला चिकटवलेले. एका कडेला गणवेशातला पोलीस. बाईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घराची उंची कळावी म्हणून तिला तिथे उभं केलं होतं. अशा बऱ्याच फोटोंत कुणीतरी असं उभं केलेलं असायचं.

"आता हा फोटो मिळून काय उपयोग," अंकल म्हणाले. "तिला दाखवू कसा?"

मी पटकन बोलून गेले, "मी मॉडेल बनवून देते. त्या हाताने बघतील."

बॉसबाईंनी संग्राहकाच्या मुलांना विचारलं, त्यांची काही हरकत नव्हती. मग दोन शनिवार-रविवार आमच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं घर उभं राहत होतं. मापं काढायला माझ्याकडे त्या बाईशिवाय दुसरं काही नव्हतं. तिची उंची पाच फूट धरली, तर दार साडेतीन फुटांचं, म्हणजे आत जाताना वाकायला हवं. मी तिच्या डोक्यापासून पायापर्यंत पट्टी लावली आणि मला कसंसंच झालं. फोटो काढणाऱ्याने जे केलं तेच मीही करत होते. पण दुसरा इलाज नव्हता. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि पुढचं माप घेतलं.

माझी लेक शेजारी होमवर्क करत होती. इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, धिस वन लुक्स लाइक अ शूबॉक्स, लाह."

"छप्पर तर चढू दे," मी म्हटलं. पण तिचं खरं होतं. पाटीच्या दगडाच्या जागी राखाडी पुठ्ठा फारच गरीब दिसत होता. तरी छप्पर उचलून आत हात घालता येईल अशी सोय मी केली होती. खिडकीखाली झोपायचा दगडी ओटा, पलीकडे चूल, मागे धान्याची जागा. हे सगळं अंकलनी भावाला फोन करून आईला विचारून घेतलं होतं.

ते घर एका खोक्यात भरून अंकल तैवानला गेले. पाच दिवसांनी परत आले. मी धावतच त्यांच्या टेबलाशी गेले.

"आवडलं त्यांना?"

"तुला वाईट वाटायला नको."

"सांगा तरी."

"तिने आधी बाहेरून हात फिरवला. म्हणाली, कागदाचं घर? आमच्यात कागदाचं घर कोण बांधतं? मग दार शोधलं. दाराशी बोटं थांबली. म्हणाली, हे चूक आहे. दार या हाताला नव्हतं. मी तिला सांगितलं, आई, फोटो आहे, फोटोवरून बनवलंय. ती म्हणाली, मग फोटो चूक आहे. आमच्या ओळीत सगळ्या घरांची दारं उजव्या हाताला. डावीकडून वारा येतो. तिकडे दार ठेवलं तर चूल पेटणार नाही."

मी काहीतरी समजूतदार बोलले. नव्वदीतली बाई, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीची आठवण, होतं असं. अंकलही हो म्हणाले. पण ते पुढे म्हणाले ते मला लागलं.

"ती रडली नाही, पण बेचैन झाली. आमच्यात पूर्वी माणूस गेला की घरातच, जमिनीखाली बसवून पुरायचे. पोलिसांनी नंतर ते बंद केलं. तिचा आजोबा तसा घरात आहे. दारातून आत गेल्यावर किती पावलांवर, कुठल्या बाजूला, हे तिला पाठ आहे. ती मला सारखी विचारत होती, दार तिकडे असेल तर आजोबा कुठे आहे?"

माझ्या टेबलाशी येऊन मी तो फोटो परत उघडला. घर तेच, बाई तीच. कितीदा बघितलं असेल मी ते. मग पोलिसाकडे नजर गेली. त्याची तलवार उजव्या कमरेला लटकत होती. तलवार डाव्या कमरेला बांधतात, उजव्या हाताने उपसता यावी म्हणून. मी दुसरे फोटो काढले. सगळ्या पोलिसांची तलवार डावीकडे.

काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद, जिच्यावर चित्राचा थर असतो. कुठली बाजू खाली ठेवायची हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मी ती काच उलटी ठेवली होती. फोटो आरशातल्यासारखा आला होता. दार खरंच उजव्या हाताला होतं.

आंधळ्या म्हातारीच्या बोटांनी पकडलेली चूक माझ्या डोळ्यांना इतके दिवस दिसली नव्हती. वर मीच तिच्या आठवणीवर शंका घेतली होती.

मी आधी अंकलना सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी सरळ केलेला फोटो बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता फोन करतो." जिन्याशी जाऊन ते फोनवर मोठमोठ्याने बोलत होते. मला भाषा कळत नव्हती. आत आले ते हसत होते.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मग मी काय सांगत होते?"

बॉसबाईंना सांगणं जास्त जड गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सगळ्या काचा परत तपास," एवढंच म्हणाल्या. मी चारही पेट्या तपासल्या. आणखी चार काचा उलट्या निघाल्या. कुणी मला बोललं नाही, पण त्या आठवड्यात दुपारचा डबा मी एकटीच खाल्ला.

दुसरं घर मी खऱ्या दगडाचं करायचं ठरवलं. चहाच्या कपाखाली ठेवायच्या काळ्या दगडी चकत्या दुकानात मिळतात, त्या पाटीच्याच दगडाच्या असतात. मी त्या आणल्या आणि पातळ कपच्या काढायचा प्रयत्न केला. निम्म्या फुटल्या. मग लेक टॉवेल गुंडाळून त्यांच्यावर हातोडी मारायला बसली. या कामात मात्र ती रमली. नवऱ्याने बाल्कनीतली धूळ झाडताना विचारलं, "हे घर आपल्या घराआधी पूर्ण होणार का?" कारण आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची निखळलेली कडी दोन महिने तशीच लोंबत होती. छपराची प्रत्येक कपची मी खालच्या कपचीवर चढवून चिकटवली. घर एवढं जड झालं की दोन्ही हातांनी उचलावं लागे.

या वेळी ते घर घेऊन तैवानला निघताना अंकल म्हणाले, "तिथून व्हिडिओ कॉल करतो. तूही बघ."

रविवारी दुपारी नवरा, लेक आणि मी सोफ्यावर बसलो. स्क्रीनवर एक लहानखुरी म्हातारी, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, मांडीवर दगडी घर, शेजारी अंकल. तिने पुढच्या पाट्यांवरून बोटं नेली. दार सापडलं. उजव्या हाताला. ती "हं" म्हणाली. मग खिडकी चाचपली, भिंतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली. परत गेली. आणि काहीतरी बोलली. अंकलनी कपाळाला हात लावला.

"आता काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"म्हणते, हे आमचं घर नाही. आमच्या घराला दोन खिडक्या होत्या. हे शेजारच्यांचं."

पण म्हातारी थांबली नव्हती. तिचा आवाज भराभर चालला होता आणि चेहरा उजळला होता. अंकल सांगू लागले. त्या शेजारच्या घरात तिच्या वयाची मुलगी होती. दोघी मिळून पाणी आणायच्या. गाव खाली उतरवलं तेव्हा ते घर दुसऱ्या वस्तीत गेलं, आणि मैत्रिणीची परत गाठ पडली नाही. म्हातारीने छप्पर उचलायला लावलं, आत हात घातला आणि ओट्यापासून थोड्या अंतरावर बोटं हवेतच धरली, टेकवली नाहीत. तिथे त्या मैत्रिणीची आजी आहे, असं ती म्हणाली. तिच्यावर कशाला दाब द्यायचा.

मी विचारलं, "फोटोत एक बाई उभी आहे. त्या कोण असतील, त्या घरातल्याच का?"

अंकलनी बाईचं वर्णन करून सांगितलं, कपडे, डोक्याचा पट्टा, उभं राहण्याची पद्धत. म्हातारीने नकारार्थी मान हलवली. "सगळ्यांना तसंच उभं करायचे," ती म्हणाली. "मी कशी सांगू?" मला तिचं उत्तर योग्य वाटलं.

पायवान लोकांत घराला नाव असतं, आणि माणसं त्या नावाने ओळखली जातात. त्या दिवशी म्हातारीने त्या घराचं नाव सांगितलं. अंकलनी ते तिला दोनदा उच्चारायला लावून लिहून घेतलं. बॉसबाईंनी संग्राहकाच्या मुलांची परवानगी काढली आणि आमच्या यादीत त्या काचेसमोर, मूळ मजकुराखाली, घराचं नाव घातलं. नाव कुणी सांगितलं तेही घातलं. पाकिटावरचे मूळ शब्द आम्ही खोडले नाहीत. ते तसेच राहायला हवेत, असं अंकलचंच म्हणणं पडलं. "लोकांना कळू दे, काय म्हणायचे ते," ते म्हणाले.

पेट्या परत गेल्या, अंकलचं काम संपलं. पण रविवारचे कॉल थांबले नाहीत. म्हातारीच्या स्वतःच्या घराचा फोटो कुठेच नाही, तेव्हा ते आम्ही तिच्या बोलण्यावरून बांधतो आहोत. ती माप वितीत सांगते, अंकल तिचा हात स्क्रीनजवळ आणायला सांगतात, आणि मी तिची वीत किती सेंटिमीटर असेल याचा अंदाज बांधते. कधी ती आधीचं बदलते आणि मला भिंत पाडावी लागते. अंकलनी आता हे सगळं रेकॉर्ड करायला सुरुवात केली आहे. मधूनच ते कागद खाली ठेवून नुसते ऐकत बसतात. मग मीच विचारते, "त्या काय म्हणाल्या?" आणि ते म्हणतात, "थांब, तिला बोलू दे."

गेल्या रविवारी आम्ही दोन खिडक्यांपर्यंत पोचलो. दुसरी खिडकी पहिलीपेक्षा लहान होती, हे तिला मधेच आठवलं. आजोबांना म्हातारपणी घरातच उन्हात बसता यावं म्हणून ती नंतर भिंतीत पाडून घेतली होती.