उतार हाय, शेठ

वाघमारे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी औशाजवळ एका शेतात बोअर मारत होतो. मशीनच्या आवाजात वहिनींचं, सरांच्या बायकोचं, बोलणं कळेना, तीनदा विचारावं लागलं. कळलं तेव्हा रडू आलं नाही, राग आला. त्याला दीड महिना झाला... राग अजून तसाच आहे.

सर नांदेडच्या एका कॉलेजात बारावीला गणित शिकवायचे. मी लातूरचा, शाळा सातवीत सुटलेली, दुसऱ्याच्या बोअरगाडीवर पाइप उचलता उचलता स्वतःची गाडी केलेला. ओळख झाली ती त्यांच्या घरच्या बोअरवरून. दरासाठी मी अडून बसलो, तर त्यांनी माझा दर मान्य केला आणि बदल्यात माझी वही मागितली. कुठल्या गावात, कोणत्या महिन्यात, किती फुटांवर पाणी लागलं, हे मी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं. धंद्याचं गुपित कोण देतं? पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. "पोरांना खरे आकडे पाहिजेत. पुस्तकातले आकडे लई शहाणे असतात," म्हणाले. शेवटी दिली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला आपला कॅल्क्युलेटर दाखवला, पडद्यावर आलेख काढणारा. माझी वही तिथं ठिपके होऊन बसली होती. त्यांनी आधी सरळ रेघ काढली, ती ठिपक्यांना बसेना. मग वाकडी काढली, ती नेमकी बसली. पाणी खाली चाललं होतं, आणि दरवर्षी जास्तच वेगानं. मला लगेच धंदा दिसला. ही रेघ गिऱ्हाइकाला दाखवायची, पाच वर्षांनी पाणी कुठं जाईल ते सांगायचं आणि आत्ताच जास्त फूट मारायला लावायचं. सर एवढे चिडलेले मी तेव्हाच पाहिले.

"शेवटच्या ठिपक्याच्या म्होरं रेघ आपली न्हाई, शेठ. तिथं अजून काही घडलंच न्हाई. जे घडलं न्हाई ते विकू नका."

मी त्यांच्याशी कित्येक महिने बोललो नाही. मग एका वर्षी पाऊस चांगला झाला आणि नवा ठिपका रेघेच्या कितीतरी वर बसला. तेवढं दाखवायला ते एसटीनं लातूरला आले. रेघ फसली, रेघ फसली, म्हणत हसत होते...

गेल्या वर्षी त्यांच्या किडन्या बिघडल्या. मी विचारायचो, ते विषय बदलायचे. शेवटच्या भेटीत पाय सुजलेले होते, चहा अर्धाच प्यायले. कसं वाटतंय, म्हटलं.

"उतार हाय, शेठ."

आमच्याकडं दुखणं कमी होऊ लागलं की उतार पडला म्हणतात. मी खूश होऊन निघालो, वाटेत लोह्याला थांबून पोटभर जेवलो. त्या जेवणाची अजून शरम वाटते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर वहिनींनी कॅल्क्युलेटर माझ्या हातात दिला, सरांनी तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं म्हणाल्या. सुरू केला. नऊ ठिपके. दर महिन्याच्या रिपोर्टमधला, किडनी किती काम करते तो आकडा, वहिनींनी सांगितलं. आणि त्या ठिपक्यांवरून पुढं खाली जात तळाला टेकलेली रेघ. उतार... म्हणजे त्यांनी मला खरंच सांगितलं होतं, फक्त त्यांच्या गणितात. डॉक्टर डायलिसिस सुरू करा म्हणत होते, हेही वहिनींकडून तेव्हाच कळलं. सर पुढच्या महिन्यात बघू म्हणत राहिले.

हा कुठला न्याय, सर? शेवटच्या ठिपक्याच्या पुढचं मला विकू दिलं नाहीत, आणि स्वतः तेच विकत घेतलंत, जराही घासाघीस न करता. मला का नाही बोलावलं? मी डॉक्टरांशी भांडलो असतो, तुमच्याशी भांडलो असतो. जन्मभर मी दुसरं केलंय काय?

कॅल्क्युलेटर आता गाडीत असतो, माझ्या वहीशेजारी. रेघ घालवायचं बटण त्यांनीच मला शिकवलं होतं. मी ती घालवली, ठिपके ठेवलेत. नवव्या ठिपक्याच्या पुढं पडदा कोरा आहे. रोज सकाळी कामावर निघण्याआधी तेवढा भाग बघतो. तिथं अजून काही घडलंच नव्हतं, सर.