जयंतराव टिळेकर आणि सेफ्टीची जागा

स्वतःच्या मुलाचं कौतुक स्वतः करायचं नाही, ते लोकांकडून करवून घ्यायचं, ही टिळेकर घराण्याची रीत. जयंतराव पुण्याहून लेस्टरला आले त्याला सव्वीस वर्षं झाली. येताना आणलेला कुकर गेला, स्वेटर गेले, डोक्यावरचे केस गेले. ही रीत मात्र ठणठणीत आहे. कुणी शिल्पाताईंच्या अळूवड्यांना छान म्हटलं की जयंतराव लगेच सांगणार, आज चिंच जरा कमीच पडलीय. घर छान म्हटलं की बाथरूममधली ओल दाखवायला नेणार. यावर पाहुण्याने निदान दोनदा "छे हो, काहीतरीच काय!" म्हणायला हवं. नाही म्हटलं, तर तो त्यांच्या मनातून उतरलाच म्हणून समजा.

ते कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, पार्किंग परमिटांचं सॉफ्टवेअर सांभाळतात. तिथे दर वर्षी आपल्या कामाला आपणच शेरा द्यायचा असतो. जयंतराव 'समाधानकारक' असं लिहितात आणि साहेब "असं कसं, तुमचं काम तर उत्तम!" म्हणेल म्हणून समोर बसून राहतात. साहेब सही करतो. अकरा वर्षांत तीन साहेब बदलले, तिघांनीही मुकाट्याने सही केली. इंग्रज माणसाला आग्रह करता येत नाही, असा निष्कर्ष जयंतरावांनी काढला खरा, पण त्यातून धडा काही घेतला नाही.

त्यांचा मुलगा कुश चोवीस वर्षांचा. युनिव्हर्सिटीत असताना त्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं आणि पुढे तो 'सोअर व्हॅली हेरन्स' नावाच्या हौशी संघात गेला. या संघाच्या सामन्याला गर्दी म्हणजे साठ माणसं, त्यातली निम्मी खेळाडूंची नातेवाईक. सुरुवातीला जयंतराव नाक मुरडत. दर सहा सेकंदांनी थांबणारा खेळ, तो कसला खेळ, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे कुशला सोडायला जाता जाता ते पाच मिनिटं थांबू लागले, मग अर्धा तास, आणि तिसऱ्या वर्षी घडीच्या खुर्चीसह दर रविवारी हजर. आता तर नियमांवरून ते पंचाशीही वाद घालतात, अर्थात पंचाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात.

कुश खेळतो ती जागा सेफ्टीची. सेफ्टी म्हणजे बचावफळीतला सगळ्यात मागचा माणूस. पुढचे सगळे चुकले की त्याने निस्तरायचं, आणि तोही चुकला की मग समोरच्याला थेट गुणच. हेरन्सची ही जागा अकरा वर्षं टेरी नावाच्या पोस्टमनकडे होती. टेरी सदतीस वर्षांचा. अकरा वर्षांत एकही सामना चुकवला नाही. पण आता पाय जड झाले होते. चेंडू कुठे पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि तिथे तो सगळ्यांच्या नंतर पोचायचा. कुश उलट. टेरीला विसावा द्यायला त्याला अधूनमधून उतरवायचे. खेळला की डोळ्यांचं पारणं फिटावं असा खेळायचा, पण खेळायचा कधी? पहिल्या मोसमात गळपट्टीचं हाड, दुसऱ्यात मांडीचा स्नायू, यंदा जूनमध्ये उजवा खांदा. शिल्पाताईंच्या फ्रीजरमध्ये मटारच्या दोन पिशव्या कायम असतात, एक उसळीसाठी आणि एक कुशला शेकायला.

तर टेरी की कुश, हा त्या ऑगस्टमधला पेटलेला प्रश्न. आणि कुशने खेळावं असं साऱ्या लेस्टरमध्ये सर्वांत जास्त कुणाला वाटत असेल, तर ते जयंतरावांना. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. पण बोलायची सोय नाही. म्हणून त्यांनी राजकारण आरंभलं. मैदानावर येणाऱ्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. तिथे ते लिहीत, "टेरी आता थकला. पण पर्याय तरी कोण आहे? कुणीच नाही." आणि फोन हातात धरून बसत. मग अवधूत, पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला तिशीतला इंजिनियर, हमखास लिही, "काका, कुश आहे की!" त्यावर जयंतराव, "छे छे, तो कसला." मग अवधूत, "काका, उगाच काय!" मग जयंतराव हात जोडलेलं एक चित्र टाकून समाधानाने चहा ठेवायला उठत. जेवताना ताटावर हात आडवा धरून बोटांत फट ठेवणारी माणसं असतात ना, त्यातला हा प्रकार.

उपांत्य सामन्याच्या दिवशी पाऊस होता, आणि सगळे मैदानाच्या कडेच्या तंबूत दाटीवाटीने उभे होते. टेरीच्या डोक्यावरून एक चेंडू गेला आणि वादाला तोंड फुटलं.

"बघितलंत? बघितलंत काका?" अवधूत म्हणाला. "हा बॉल कुशने झोपेत पकडला असता. टेरीला बसवा आता. रिस्पेक्ट वगैरे ठीक आहे, पण फायनलला काय पोस्ट वाटायचीय का?"

"पण कुश किती मॅचेस मिस केला, ते पण बघा ना," सुमेधा म्हणाली. ती लेस्टरमध्येच जन्मलेली, फार्मसिस्ट, आणि तिच्या फोनमध्ये तीन मोसमांचे आकडे होते. "तीस पैकी चौदा. ऑलमोस्ट हाफ! माझा म्हणणं एवढाच आहे, फिजिओच्या टेबलवर झोपलेला सेफ्टी कोणाला थांबवणार?"

"ज्या खेळतो त्यात काय करतो ते बघ. सोळा मॅचेसमध्ये नऊ इंटरसेप्शन्स, नऊ वेळा समोरच्यांचा बॉल मधेच पकडला. टेरीच्या अकरा वर्षांत किती?"

"टेरी तिथे असतो, अवधूत. दॅट्स द पॉइंट. काका, तुम्हाला काय वाटतं? ऑनेस्टली."

जयंतराव खाकरले. "मला विचाराल तर टेरीच बरा. कुशचं काय, आज आहे तर उद्या नाही."

"काका, तुम्ही फारच नम्र आहात," अवधूत म्हणाला, आणि जयंतरावांच्या पोटात साखर पडली.

शेवटच्या पंधरा मिनिटांत कोचने कुशला आत पाठवलं. काय सांगावं! समोरच्याच्या हातात पडणारा चेंडू या पोराने आडवी उडी मारून हवेतल्या हवेत काढून घेतला. तंबूतले सगळे नाचले, अवधूतने सुमेधाला मिठी मारली आणि मग माफी मागितली, टेरीने मैदानाबाहेरून टाळ्या वाजवल्या. कुश खांद्यावर पडला, उठला, हसला. जयंतरावांनी फक्त एवढंच म्हटलं, "नशीब." पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि पाऊस असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

गुरुवारी सराव होता. कोच माल्कम हा शाळेत भूगोल शिकवणारा यॉर्कशरचा सरळसोट गृहस्थ. हातात चहाचा मग आणि काखेत पॅड घेऊन तो थेट जयंतरावांच्या खुर्चीपाशी आला. म्हणाला, फायनलला कुणाला उतरवायचं ते आज ठरवायचंय. पोरं खरं सांगत नाहीत, दुखत असलं तरी बरं आहे म्हणतात. रविवारी कुश जरा विचित्र पडला असं मला वाटलं. तू त्याला घरी बघतोस. तू सांगशील ते मी धरून चालेन. खेळवू त्याला?

हा क्षण! गेली तीन वर्षं जयंतराव याच क्षणाची वाट बघत होते. खुद्द कोच विचारतोय. त्यांच्या छातीत एवढं भरून आलं की आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. आणि त्यांच्या तोंडून इंग्रजीत जे बाहेर पडलं त्याचा मराठी अर्थ असा होतो: "छे छे, माल्कम, त्याचं काय घेऊन बसलास! टेरीपुढे तो कोण? आणि त्या खांद्याचं तर काही खरं नाही."

एवढं बोलून ते थांबले. आता माल्कमने म्हणायचं होतं, "काहीतरीच काय!" मग ते म्हणाले असते, "नाही, खरंच." मग माल्कमने म्हणायचं होतं, "मी काही ऐकणार नाही, कुशच खेळणार." मग त्यांनी मान तुकवून म्हटलं असतं, "बघ बुवा, तुझी मर्जी." कुठल्याही मराठी दिवाणखान्यात हे सगळं दीड मिनिटात उरकलं असतं.

माल्कमने त्यांचा हात हातात घेऊन दाबला. "थँक यू, जयंत. असं सांगायला धाडस लागतं," असं म्हणून त्याने पॅडवर पेन्सिलने काहीतरी खोडलं आणि तो चालू लागला.

जयंतराव त्याच्यामागे धावले. म्हणजे चार पावलं धावले. माल्कम वळला. बोलायचं होतं एकच वाक्य, माझा मुलगा उत्तम खेळतो. पण ते वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी भर मैदानात ते काही जिभेवर येईना.

"आणखी चहा हवाय का?" त्यांनी विचारलं.

"नको," माल्कम म्हणाला. त्याचा नको म्हणजे नकोच होता.

शुक्रवारी ॲपवर संघ लागला. सेफ्टी: टेरी. कुशचं नाव राखीवमध्येही नाही. ग्रुपवर अवधूतने थैमान घातलं. कोचच्या कानात कुणीतरी विष ओतलंय, त्या माणसाला शोधून काढलं पाहिजे, असं त्याने सात वेळा लिहिलं. सातव्या वेळी जयंतरावांनीही खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. कुश खोलीतून बाहेर आला नाही. शिल्पाताईंनी विचारलं, "अहो, तुमच्याशी बोलला होता ना तो माल्कम? काय म्हणाला?"

"असंच, इकडचं तिकडचं," जयंतराव म्हणाले, आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

फायनल रविवारी दुपारी झाली. जयंतराव खुर्चीत बसलेच नाहीत. टेरी चुकावा असं त्यांना वाटे, मग तसं वाटल्याची लाज वाटे, मग परत वाटे. शेवटची दोन मिनिटं असताना हेरन्स चार गुणांनी पुढे होते. समोरच्यांनी उंच, लांब चेंडू टाकला. टेरीला तो कुठे पडणार ते कळलं, तो जीव खाऊन पळाला, आणि एका हाताच्या अंतराने कमी पडला. सामना गेला.

"कुश असता तर!" अवधूत रडवेला होऊन म्हणाला. सुमेधाने फोन पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "ओके. हा एक बॉल कुश पकडला असता. आय अ‍ॅडमिट." तीन वर्षं जे लोकांकडून वदवून घ्यायला जयंतरावांनी जिवाचं रान केलं, ते आज न मागता सगळं मैदान बोलत होतं. त्यांना तिथे उभं राहवेना. ते पार्किंगमध्ये गाडीपाशी येऊन थांबले. एका भिडेपायी पोराच्या तोंडचा घास काढला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

थोड्या वेळाने कुश आला.

"बाबा, माल्कमने मला सांगितलं. तू त्याला नाही म्हटला."

जयंतरावांनी मान खाली घातली.

"मी दोन दिवस तुझ्यावर फुल रागावला होता. बोलणार पण नव्हतो. मग मी विचार केला." कुशने उजवा हात वर उचलायचा प्रयत्न केला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "लास्ट संडेपासून असा आहे. फिजिओला नाही सांगितलं, आईला नाही सांगितलं. पेनकिलर्स घेऊन खेळणारच होतो. आज परत त्याच्यावर पडलो असतो तर ऑपरेशन, मे बी नेव्हर अगेन. सगळ्यांना फसवलं मी. फक्त तुला कळला."

"मला?"

"मी आठवडाभर डाव्या हाताने जेवत होतो. तू रोज बघायचा माझ्याकडे."

बघत होते, हे खरं. रोज बघत होते आणि रोज ओरडत होते, डाव्या हाताने जेवू नकोस, काही वळण आहे की नाही. उजव्याला काय झालंय, हे विचारायचं मात्र त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. जयंतरावांना आपली इतकी शरम वाटली की त्यांनी गाडीला हात टेकला.

"कुश, मला काही कळलं नव्हतं रे," ते म्हणाले. "अगदी खरं सांगतो. मी उगाच बोलून गेलो. तू खेळावास असंच मला वाटत होतं. तुझ्यासारखा खेळणारा मी दुसरा पाहिला नाही."

चोवीस वर्षांत न बोललेलं सगळं एका दमात बोलून झालं. कुश हसला, आणि डाव्या हाताने त्याने बापाला जवळ घेतलं.

"बाबा, तू ना, कधीच क्रेडिट घेत नाही. एकदा तरी घे ना."

"अरे, नाही, खरंच..."

"ओके, ओके. कळलं मला," कुश म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

आपण खरं बोललो हे त्याला कसं पटवावं, जयंतरावांना कळेना. घरी येईपर्यंत त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा पोराच्या नजरेत ते आणखीच मोठे झाले.

घरी शिल्पाताईंनी वरणभात वाढला. कुशने डावा हात पुढे केला, तशा त्या म्हणाल्या, "हे काय रे, तुझे बाबा ओरडतील आता." जयंतराव उठले, ड्रॉवरमधून चमचा काढला आणि कुशच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवला.