न धुतलेली जुडी

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर लावली आणि पेनच्या टोकानं माह्या पोरीच्या मेंदूतला एक पांढरा ठिपका दाखवला. "न्यूरोसिस्टिसर्कोसिस," ते म्हणाले. मी बावीस वर्षं प्लांटमधे लोखंड पाहिलेला माणूस, मले काय कळणार. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. डुकराचं कच्चं मांस खाल्लं की एखाद्या माणसाच्या पोटात पट्टीसारखा लांब जंत होतो. त्याची अंडी मैल्यातून माती-पाण्यात जातात, तिथून भाजीवर. ती पोटात गेली की अळी निघते, रक्तातून मेंदूत जाऊन बसते आणि तिच्याभोवती गाठ धरते. त्या गाठीनं झटके येतात.

पल्लवी तेव्हा नववीत होती. त्याच्या आठ दिवसांआधी सकाळी शाळेचे मोजे घालता घालता ती आडवी झाली. सारं अंग हालून राहिलं होतं, तोंडाले फेस. माह्या बायकोनं, वंदनानं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी मूर्खासारखा हुंगवाले कांदा शोधून राहिलो होतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर कांदा नको, जोडा नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा आणि दवाखान्यात न्या.

"हमारे घर में सुअर का मांस कभी आया ही नहीं," वंदना डॉक्टरांना म्हणाली. ते म्हणाले, मांस खाण्याचा इथं संबंध नाही, शुद्ध शाकाहारी माणसालाही हे होतं. मग त्यांनी विचारलं, "कच्चा क्या खाते हो? धोते कैसे हो?"

मी वंदनाकडे हात केला. "किचन ये देखती है. इसी से पूछिए."

ती सांगू लागली. गोबी मिठाच्या पाण्यात ठेवते, अळ्या वर येतात त्या वेचते. लाल भाजी चार पाण्यांतून काढते. डॉक्टर म्हणाले, ते तर शिजतं, कच्चं सांगा. ती थांबली. आमच्या घरी रोज टमाटर आणि सांबाराची चटणी होते. कोथिंबिरीले आमी सांबार म्हणतो. "घर का है," ती हळूच म्हणाली, "मिट्टी झटक के पाटे पर डाल देती हूँ."

बाहेर आल्यावर मी तिले सोडलं नाही. "गोबीतल्या अळ्या बरोबर दिसतात तुले. पोरीच्या ताटातलं कावून नाही दिसलं?" ती औषधांची चिठ्ठी घडी करत राहिली.

आता मी काय लपवलं ते लिहितो. क्वार्टरमागची बारी, म्हणजे परसातली भाजी, माही. उन्हाळ्यात नळ थोडाच वेळ येतो. मागच्या गल्लीतलं संडासाच्या मैल्याचं चेंबर झिरपत होतं. मी फावड्यानं बारीक नाली काढून ते पाणी सांबाराच्या वाफ्यात घेतलं. असा हिरवागार आला की शेजाऱ्यांना जुड्या वाटल्या. वंदनानं एकदा त्यातली जुडी नळाखाली धरली, तर मीच हसलो होतो. "बजारची आहे का? घरच्याले कायले धुतं?"

उपचार लांबले. पहिले झटक्याची गोळी, मग सूज उतरवाले स्टेरॉइड, मग जंत मारणारं अल्बेंडाझोल. हे क्रमानं आणि डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचं असतं, मेडिकलमधून आणून आपल्या मनानं नाही. पल्लवीचं तोंड सुजून गोल झालं. सायकल बंद. वर्गात एकदा झटका आला तेव्हापासून तिच्या बाकावर कोणी बसेना. ती घरी येऊन सांगायची नाही, तिच्या मैत्रिणीच्या आईनं सांगितलं.

वंदना धूत राहिली. बटाटे धू, आलं धू, केळं सोलायच्या आधी केळं धू. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, मीठ लागलं की चर्र व्हायचं तिले. आठ महिने मी हे पाहून राहिलो होतो आणि गप होतो. डॉक्टर म्हणाले होते, नेमकं कुठून आलं हे सांगता येत नाही, बाहेरच्या गुपचुपमधूनही, म्हणजे पाणीपुरीतूनही येऊ शकतं. ते गुपचुप मी घट्ट धरून बसलो. लाज वाटते लिहिताना.

आठ महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. गाठ वाळली होती, कॅल्शियमचा एक दाणा तेवढा राहिला. गोळी अजून चालू ठेवायची होती. वंदनानं डॉक्टरांना विचारलं, "मेरे हाथ से ही हुआ ना, सर?" ते म्हणाले, असं कोणी सांगू शकत नाही. पण तिनं मान हलवली, जशी काही शिक्षा कबूल केली.

पल्लवी गोळ्यांच्या रांगेत उभी होती. मी बाकावर वंदनाजवळ बसलो आणि म्हटलं, "वाफ्यात पाणी मी सोडलं होतं. चेंबरचं."

"कदी?"

"दोन उन्हाळे."

ती माह्याकडे वळली. "अन् डॉक्टरसमोर तुमी माह्याकडे हात केला. त्या दिवशी तुमाले मालूम होतं?"

"होतं."

ती उठून पोरीजवळ रांगेत जाऊन उभी राहिली.

नाली मी त्या पहिल्याच दिवशी, दवाखान्यातून आल्यावर, बुजवली होती. सांबार आता बजारातून येतो, तो मी धुतो. आधी हात साबणानं. मग मुळं कापायची, सडकी पानं टाकायची, जुडी मोकळी करून वाहत्या पाण्याखाली काडी काडी चोळायची. मिठाच्या पाण्यानं दिसणाऱ्या अळ्या वर येतात, पण ही अंडी त्यानं मरत नाहीत. शंका असली तर शिजवून खा. घरचं असो की बजारचं.

पल्लवीले पाच महिन्यांत झटका आला नाही. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. वंदना माह्यासंगं बोलते, डबा भरते, सारं करते. मी जुडी तीनदा धुऊन तिच्याजवळ ठेवतो. ती तीच जुडी उचलते आणि चौथ्यांदा धुते.