बाबांनी पेरलेली पॉपी

आज सकाळी अंगणात पॉपीच्या फुलांचं बारीक बी टाकत होतो. चौऱ्याऐंशी वर्षांची आई दारातून म्हणाली, "इतकं दाट काहून टाकून राहिला? तुझे बाबा रेतीत मिसळून टाकायचे."

मी थांबलोच. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या अपघातात गेले, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आई त्यांच्याबद्दल कधीच बोलली नव्हती.

"त्या दिवशी बी पेरूनच ड्यूटीवर गेले," ती म्हणाली.

"मग फुलं आली?"

"आली ना. पाहवत नव्हतं, तरी रोज पाणी घातलं."

मग आम्ही दोघांनी मिळून बी टाकलं. छप्पन्न वर्षांचा झालो, आज पहिल्यांदा बाबांकडून काही शिकलो.

मित्रहो, तुमच्या घरी असं कोणी गप्प आहे का? कधी विचारलंत त्यांना?